गादीतल्या गाठी

गादीवाल्या मावशी साऱ्या गल्लीच्या झोपेची सोय करत आणि स्वतः मात्र रात्रभर टक्क जाग्या! शेवटी झोपेवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, रात्री पडलं की लग्न झालेल्या लेकीची काळजी डोळा लागू देत नाही म्हणाल्या.

"दिवसा आडव्या होता का?"

"छे! फक्त शिवलेली गादी तपासायला. पडायचं आणि पाठीला कापसाची गाठ कुठे लागते ते शोधायचं."

"म्हणजे पडलं की खोट शोधायची, ही सवय तुम्हीच लावलीत. घरच्या गादीत गाठ सापडत नाही, मग मन लेकीच्या संसारात शोधत बसतं."

मावशी चपापल्या, मग फणकारल्या, "मी लावली ना? मग मीच मोडीन."

तेव्हापासून त्या गाद्या हातांनीच चाचपू लागल्या. काळजीसाठी दुपारची वेळ आणि कारखान्यातलं स्टूल ठरलं. कितीतरी दिवस झोपेनं दाद दिली नाही, पण मावशीही हटल्या नाहीत.

एकदा त्या नुकत्याच आडव्या झाल्या होत्या, तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, आज पुन्हा आमचं वाजलं गं."

"मारलं-बिरलं नाही ना?"

"नाही गं, नुसतं भांडण."

"मग उद्या दुपारी सांग, स्टुलावर बसून सगळं ऐकते. आत्ता पाठीला गाठ लागत नाहीये, आणि मी शोधणारही नाही."