घसा वला करून या

टेबलाच्या कडेवर बोटांच्या गाठींनी दोनदा टकटक आणि पाठोपाठ, "सरका ताई, घसा वला करून या." चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरी गुंफणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ती टकटक तिला अजून ऐकू येत असेल. बाकीचे मात्र मला विचारा. त्या लाइनचा मी शिफ्ट इन्चार्ज होतो आणि ती टकटक करणाऱ्याविषयी हल्ली जे सांगितले जाते, त्यातले बहुतेक खोटे आहे.

तो रिलीव्हर होता. लाइन चालू असताना कोणाला पाणी प्यायला किंवा बाहेर जायला उठायचे असेल, तर तिच्या जागी उभा राहून काम पुढे रेटणारा माणूस. कंपनीचा नियम असा, की उठायचे असेल तर टेबलावरचा लाल दिवा लावावा; रिलीव्हर येईल. नियम दिसायला चोख. पण तो दिवा साऱ्या लाइनला दिसे आणि कोणी कितीदा लावला, याची झाडाझडती सकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांसमक्ष होई. म्हणून बायका दिवा लावत नसत. आणि तो लावावा लागू नये म्हणून पाणीच पीत नसत.

तो दिव्याची वाट पाहत नसे. आपणहून टेबलामागून टेबल फिरत राही. एका जागी ठरणे त्याच्या पायांना ठाऊकच नव्हते.

शिफ्ट सुटली की तो गेटपाशी बायकांच्या पाण्याच्या बाटल्या तपासायला उभा. परभणीहून आलेल्या एका ताईची बाटली एकदा काठोकाठ भरलेली निघाली.

"ही काय आंघोळीला न्हेताय व्हय घरी?"

"तहानच नाही लागली, दादा."

"लागली न्हाई का लागू दिली न्हाई?"

ती हसली आणि बसकडे पळाली.

परवा त्याची शोकसभा झाली. "स्वतः तहानलेले राहून त्यांनी इतरांची तहान भागवली," असे एक वक्ते गहिवरून म्हणाले. साफ खोटे! तो सर्वांच्या आधी पीत असे, आणि सर्वांना दिसेल असा पीत असे. त्याच्या खिशात गूळ-शेंगदाणे, डब्यात भाकरीवर काकडीच्या फोडी. दुपारपर्यंत निम्मे संपलेले असे. कोणी टोकले, तर उत्तर तयार: "आधी मी, मंग तुमी. मी पडलो तर तुमच्या जागी कोन उभा ऱ्हाईल, तुमचा सासरा?" अशा माणसाला उपाशी संत ठरवणे हा त्याच्या भाकरीचा अपमान आहे.

तो रिलीव्हर असतानाच एकदा नवे मॅनेजर आले. "हा माणूस दिवसभर नुसता फिरतो," असे म्हणून त्यांनी त्याला शेवटच्या टेबलापाशी कायमचा उभा केला. रिलीव्हरची जागाच रद्द. दिवा लागला तर सुपरवायझर बघेल, असे ठरले. मी विरोध केला. मी गप्प बसलो असे ज्यांना वाटते, त्यांनी मॅनेजरांच्या खोलीबाहेरच्या शिपायाला विचारावे. त्याला दार बंद असूनही सारे ऐकू गेले होते.

ऐन उन्हाळा होता. तो जागेवर उभ्या उभ्या पाय बदलत राही, नजर सगळ्या लाइनवर. आणि एका दुपारी ती परभणीची ताई वायरींचा जुडगा हातात घेऊनच खाली कोसळली. तिला सलाइन लावावे लागले. तिच्या पिशवीत बाटली होती. भरलेली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या टेबलावरचा लाल दिवा लागला.

"त्यांनी लाल दिव्याचे आंदोलन पुकारले," हे दुसऱ्या वक्त्यांचे म्हणणे. हे महाशय तेव्हा कंपनीतही नव्हते. मी समोर होतो. मी विचारले, "काय झाले?"

"तहान लागली, साहेब."

"खरेच?"

"तहान खोटी बी असती व्हय?"

त्याच्या जागी यायला रिलीव्हर नव्हता. म्हणून मी उभा राहिलो. तो नळावर गेला, सावकाश प्यायला, मिशा पुसत परत आला. थोड्या वेळाने पुन्हा दिवा. पुन्हा मी. मग मधल्या टेबलावर एक दिवा लागला, त्याच्या शेजारी दुसरा. आणि बघता बघता सगळी लाइन लाल झाली. सगळेच दिवे लागल्यावर लाज एकटीची कोणाचीच उरली नाही. घोषणा झाली नाही, मूठ उगारली गेली नाही. लाइन थांबली आणि बायका पाणी प्यायल्या. त्या आठवड्यातच त्याची टकटक पुन्हा सुरू झाली.

शोकसभेत हे मी व्यासपीठावर जाऊन सांगणारच होतो. तावातावाने उठलो, तेवढ्यात पहिल्या रांगेत त्याची बायको दिसली. तहानेचे ते वाक्य तिसरे वक्तेही म्हणत होते.

"तहानलेले? ह्ये?" ती माझ्याकडे वळून पुटपुटली. "तांब्याभर पिल्याबिगर उंबरा वलांडत नव्हते."

तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. सकाळपासून माणसे येत होती, पाया पडत होती आणि तिला उठता येत नव्हते. व्यासपीठावर पाहुण्यांसमोर पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या होत्या.

मी व्यासपीठाकडे गेलो नाही. तिच्या खुर्चीच्या हातावर बोटांच्या गाठी दोनदा वाजवल्या.

"वहिनी, सरका. घसा वला करून या. तोवर इथे मी आहे."

ती क्षणभर माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग पदर सावरून उठली. मी तिच्या जागी बसलो. आणि माणसे माझ्यासमोर येऊन हात जोडू लागली.