माझ्या बापापुढचा शब्द

माझा बाप जमीनदार होता हे मला ऐंशी ओलांडल्यावर कळलं. तेही सिंगापुरात, बिशानला, मुलाच्या फ्लॅटमधल्या जेवायच्या टेबलावर.

टेबलावर चादरीएवढा कागद पसरला होता. नातजावयानं आणलेला. नातजावई गोरा, इंग्लंडच्या खेड्यातला. लग्न ठरलं तेव्हा मी अडवलं नाही, कारण पोरगा ताट पुसून जेवतो आणि मोठ्यांपुढं पाय पसरून बसत नाही. त्याला खूळ एकच, स्वतःच्या आडनावाची माणसं शोधायचं. तिकडं म्हणे गावोगावच्या चर्चात वही असायची. पोराला पाणी शिंपडलं, की पाद्री लिहिणार. लग्न लागलं, लिहिणार. माणूस पुरला, लिहिणार. त्या वह्या आता कॉम्प्युटरवर आल्यात. रविवारी हा लॅपटॉप उघडून बसला की पुढ्यातला चहा निवून जातो.

पणतू झाला. महिन्याचा झाला की इथल्या रीतीनं ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत जेवण घालायचं ठरलं, आणि तेव्हा हा कागद तिथं लावायचा. डाव्या बाजूला त्याचं घराणं, उजव्या बाजूला आमचं.

त्याची बाजू वर वर चढत गेलेली. तो बोट ठेवून वाचायचा, नात मला मराठीत सांगायची. शेतमजूर. त्याचा बाप शेतमजूर. त्याची आई गावानं दिलेल्या धान्यावर जगणारी विधवा. एका नवरदेवाला सही येत नव्हती, त्यानं वहीत फुली मारलेली. ती फुली यानं मोठी करून कागदावर छापली होती.

"आजोबा, लुक!" म्हणाला. डोळे नुसते चमकत होते.

मला आवडलं. माझी आईही अंगठाच उठवायची.

"आता आमची बाजू वाच गं," मी नातीला म्हणालो.

"तुम्ही, इंजिनिअर."

"कोण इंजिनिअर? मी चौथी शिकलोय. जळलेल्या पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग केलं जन्मभर."

ती हसायला लागली. "आणि तुमचे वडील, लँडओनर. म्हणजे जमीनदार."

"कुणी सांगितलं?"

"पप्पांनी."

पप्पा म्हणजे माझा मुलगा. सोफ्यावर मोबाइल बघत बसला होता. आंग मो किओ भागातल्या कंपनीत मोठा इंजिनिअर, खराखुरा.

"काय रे, कुठं होती आपली जमीन?"

"आबा, वतनाची होती ना."

"वतन!" मी टेबलावर हात आपटला तसा पाळण्यातला पणतू दचकला. "ओढ्याकडेचा दगडांचा तुकडा, तोही सगळ्या भावकीत. त्याच्या बदल्यात गावाची चाकरी. तुझा आजा येसकर होता. घुंगरांची काठी घेऊन साहेबाच्या घोड्यापुढं पळायचा. मेलेली ढोरं ओढायचा. आणि दारोदार भाकरी मागायचा. हा जमीनदार?"

"आबा, हळू. इथल्या मराठी मंडळाची माणसं येणार आहेत जेवायला. बँकेतली, कुठली कुठली."

"आपण बौद्ध आहोत हे ठाऊक नाही त्यांना?"

"आहे ना. पण भिंतीवर कशाला लावायचं?"

नात इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "पप्पा, ह्याच्या साइडला पण सगळे गरीबच. सो व्हॉट, लाह!"

"त्याचं वेगळं आहे," मुलगा म्हणाला.

मी आणखी पेटलो, कारण ते खरं होतं. त्याच्या आज्या-पणज्यांकडं खायला नव्हतं, पण सावकाराचं नाव ज्या वहीत, त्याच वहीत पाद्र्यानं त्यांना लिहिलं, त्याच शाईनं. आम्हाला कुणी लिहिलं? आडनावसुद्धा शाळेच्या मास्तरनं ठोकून दिलेलं, गावाच्या नावावरून. ज्या गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याचंच नाव मी या देशापर्यंत वागवत आलो.

नातजावयानं बिचाऱ्यानं भाबडेपणी विचारलं, तुमच्या देवळात अशी वही नसेल का?

"सांग त्याला," मी नातीला म्हणालो, "देवळात आम्हालाच घेत नव्हते, वहीत कुठून घेतील?"

तिनं सांगितलं. त्याचे कान लाल झाले. लॅपटॉप मिटला त्यानं.

मुलाला मी त्या दिवशी सगळं ऐकवलं. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचं काम माझ्या बापाचं. उन्हात, चिखलात, अनवाणी. बातमी सांगायची ती अंगणाबाहेर उभं राहून, पाणी प्यायचं ते वरून ओतलेलं. आम्ही बौद्ध झालो, त्या आठवड्यात त्यानं ती काठी मोडून चुलीत घातली. घुंगरं राखेत सापडली, ती त्यानं ओढ्यात फेकली. ढोरं ओढणार नाही म्हणून सांगितलं. गावानं पिठाच्या गिरणीत आमचं दळण बंद केलं. तरी वाकला नाही. तो मेला तेव्हा त्याचा सांगावा घेऊन गावातलं कुणी गेलं नाही. मीच गेलो, आत्याकडं, चालत.

"त्याला तू जमीनदार केलास," मी म्हणालो. "गावानं त्याला लिहिलं नव्हतं, तू तर खोडूनच टाकलंस."

"मग मी हा कागद लावणारच नाही," तो म्हणाला.

"नको लावू. मीही जेवायला खाली येत नाही."

नातजावयानं दुसरा कागद छापून आणला आणि माझ्याच हातात दिला. बापापुढं येसकर, असं मराठीतच होतं. खाली इंग्रजीत काठी मोडल्याचं नातीनं लिहिलेलं. माझ्यापुढं वाइंडर.

जेवणाच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून, त्या कागदाची गुंडाळी मांडीवर घेऊन वरच बसलो. सूनबाई दोनदा बोलावून गेली. शेवटी मुलगा आला.

"आबा, लोक विचारतायत तुम्हाला."

मी गुंडाळी पुढं केली. माझ्याकडं न बघता त्यानं ती घेतली.

खाली गेलो तर कागद लावलेला, पण खांबाच्या आडोशाला, आणि उजव्या बाजूवर फुगे बांधलेले. मी फुगे सोडून शेजारच्या चिनी पोरांना वाटून टाकले.

मग एक बँकवाले गृहस्थ प्लेट घेऊन आले, चष्मा वर करून वाचू लागले. "येसकर म्हणजे काय हो?" त्यांनी मुलाला विचारलं.

तो माझ्याकडं बघायला लागला. मी कागदाकडं बोट केलं.

"माझे आजोबा," तो म्हणाला. "गावात कुणी वारलं की... निरोप पोचवायचे."

अर्धंच सांगितलं. बाकीचं मी सांगितलं, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात, मेलेल्या ढोरांसकट.