विहिरीवरचा पोहरा

लग्न होऊन मी दुबईला आले तेव्हा खाडीपलीकडे पक्की घरं मोजकीच होती. यांची नोकरी एका विलायती कंपनीत कारकुनाची. अरबी उत्तम बोलायचे, म्हणून साहेब कुठे बाहेर निघाला की यांना दुभाषा म्हणून बरोबर न्यायचा. साहेबाला कुत्र्यांचं भारी वेड. त्याची मर्जी राखायला यांनी सांगून ठेवलं होतं की आमच्या रत्नागिरीच्या घरीही शिकारी कुत्रे होते. खरं तर सासऱ्यांच्या अंगणात कुत्रं आलं की ते आधी दगड उचलायचे. घर नापाक व्हायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

त्या नाताळच्या सुट्टीत साहेब-मडम डोंगरांत तंबू ठोकून राहायला निघाले. मडमला सोबत हवी म्हणून मलाही बोलावलं. लँडरोव्हरमध्ये पुढे ती दोघं, मागे तंबू, पाण्याचे डबे, आम्ही दोघं आणि लोंबत्या कानांचे दोन कुत्रे. रस्ता असा नव्हताच. वाळूतल्या चाकोऱ्या, मग कोरड्या नदीच्या पात्रातले गोटे. प्रत्येक धक्क्याला एक कुत्रा माझ्या मांडीवर यायचा, माझी ओढणी चाटायचा. मी यांच्याकडे बघायचे. हे त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि दुसऱ्या हाताची मूठ आवळून बसले होते.

दुपार कलताना एका विहिरीपाशी थांबलो. बाजूला खजुराच्या झावळ्यांची एक झोपडी. एक म्हातारा बदू, वाळवंटातला भटका अरब, कातडी पोहऱ्याने घरासाठी पाणी शेंदत होता. भरलेला पोहरा त्याने नुकताच काठावर टेकला होता. दोन्ही कुत्रे गाडीतून उडी मारून धावले आणि सरळ त्यात तोंड घालून पाणी पिऊ लागले. साहेब मोठ्याने हसला. मडमने फोटो काढला.

म्हातारा ओरडला नाही. त्याने पाणी वाळूत ओतून दिलं आणि यांना म्हणाला, "हा एकच पोहरा आहे आमच्याकडे. आता यातलं पाणी मी घरात कसं देऊ?" दुबईतल्या अरब शेजारणीमुळे एवढी अरबी मला समजायला लागली होती.

साहेबाने विचारलं, म्हातारा काय म्हणतोय.

हे हसून इंग्रजीत म्हणाले, "म्हणतोय, तुम्ही पाहुणे आहात. विहीर तुमचीच समजा."

शाळेतल्या इंग्रजीवर तेही मला कळलं. साहेबाने खूश होऊन म्हाताऱ्याला हात केला. म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी ओढणी पुढे ओढली आणि गाडीतली भांडी उतरवायला लागले. तंबू तिथेच, थोड्या अंतरावर पडले.

पहाटे नमाज झाल्यावर मी यांना म्हटलं, "म्हातारा काय म्हणाला ते मी ऐकलं होतं."

"साहेबाला तोंडावर कसं सांगणार?" ते म्हणाले. "नोकरी आहे माझी."

मी पाण्याचा एक डबा घेऊन विहिरीवर गेले. पोहरा तिथेच पडला होता. थोड्या वेळाने हेही आले आणि पाणी ओतू लागले. आधी मातीने घासून, मग पाण्याने, कुत्र्याचं तोंड लागलेलं भांडं पाक करायला घरी शिकवलं होतं तसा तो आम्ही सात वेळा धुतला. म्हातारा झोपडीबाहेर येऊन बघत उभा होता. आमचं झाल्यावर त्याने पोहरा उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि बाभळीच्या फांदीला टांगून ठेवला. मग त्याच्याऐवजी दोरीला एक तेलाचा जुना डबा बांधून विहिरीत सोडला.

आम्ही निघायच्या वेळी त्यानेच सगळ्यांना गहवा, म्हणजे अरबी कॉफी, प्यायला बोलावलं. आदल्या दिवसाबद्दल अक्षर काढलं नाही. खजूर आधी साहेबापुढे ठेवले, मग आमच्यापुढे. साहेब म्हणाला, "किती मोकळ्या मनाची माणसं."

यांच्या हातातली वाटी तशीच राहिली. खाली बघत ते म्हणाले, "सर, काल तो तसं म्हणाला नव्हता." आणि खरं काय ते सांगितलं.

साहेबाचा चेहरा लाल झाला. "मग काल का नाही सांगितलंस?" साहेब उठला, कुत्रे गाडीला बांधून आला आणि म्हाताऱ्यापुढे मान झुकवून काहीतरी पुटपुटला. ते भाषांतर करताना यांचा आवाज इतका बारीक झाला होता की म्हाताऱ्याला दोनदा विचारावं लागलं. ऐकून तो एवढंच म्हणाला, "खलास." म्हणजे, झालं, संपलं. मग वाट्या गोळा करू लागला.

पुढच्या हिवाळ्यात साहेबाने दुसऱ्या कारकुनाला बरोबर नेलं. यांची नोकरी गेली नाही, पण साहेबाने यांना पुन्हा कधी घरी बोलावलं नाही.

आम्ही त्या दिवसाबद्दल आपसात कधी बोललो नाही. पुढे नातवंडं जुन्या दुबईच्या गोष्टी विचारायची, तेव्हा हे डोंगर सांगायचे, तंबू सांगायचे, साहेबाच्या कुत्र्यांच्या गमती सांगायचे. विहिरीपर्यंत आले की थांबायचे, "मग आलो परत" म्हणायचे. मुलं "अँड देन?" विचारत राहायची. मी उठून स्वयंपाकघरात जायचे.