मामाजींचा फोन आणि शेवटचे दोन कनेक्टर
मी टेलिफोन खात्यात केबल जोडायच्या कामावर, आणि माझी सासुरवाडी महाल भागात, नेमकी माझ्याच हद्दीत. मागच्या जन्मीचं पाप, दुसरं काय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तोवर आम्ही तारा पिळून वर नळी चढवत असू. ओल लागली की फोन मुका. मग नवे कनेक्टर आले, बोटाच्या पेराएवढे, आत चिकट जेल भरलेलं. तार आत खुपसून पकडीनं दाबली की जेल तिला चहूकडून लपेटतं. पाण्याची काय बिशाद! पण स्टोअरवाला ते बायकोचे दागिने दिल्यासारखे द्यायचा. सासुरवाडीच्या गल्लीत केबलच्या खड्ड्यात उतरलो तेव्हा माझ्याकडे दोनच होते. एका फोनला तारा दोन, म्हणजे एकाच फोनची सोय.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, काठावर खुर्ची टाकून बसले होते. "जवाईबापू, ते दोन्ही आपल्याच फोनले लावा." धाकट्या मेव्हणीला अमरावतीचे लोक पाहून गेले होते, निकाल फोनवर कळणार होता. पोरीला मुलगा फार आवडला होता, तिचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. मला तिची दया आली, लावले.

त्याच आठवड्यात नळाचा मोठा पाइप फुटला, खड्डा भरला. गल्लीतले सगळे फोन मेले, मामाजींचा तेवढा जिवंत. मग काय विचारता! सगळी गल्ली त्यांच्या बैठकीत. मामाजींनी मला कोपऱ्यात ओढलं. "अमरावतीवाले तिकडून फोन लावून राहिले असतील, अन् ही शेजारीण फोनवर बहिणीले लोणचं शिकवून राहिली. काढा ते तुमचं जेल, गर्दी तरी हटन."

"ते निघत नाही मामाजी. तारच कापावी लागते."

शेवटी मुलाचे वडील एसटीनं स्वतःच आले. दारातला चपलांचा ढीग पाहून हळूच म्हणाले, "कोन गेलं जी?"

कोणी गेलं नाही म्हटल्यावर बसले. आणि आमच्या गल्लीचं तोंड सुटलं. पोरीनं कोणाची आई दवाखान्यात सांभाळली, कोणाच्या लेकरांना गणित शिकवलं, न विचारता सगळं सांगून झालं. मामाजी घाम पुसत होते.

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू का, नकार द्याले फोन करून राहिलो होतो. लागलाच नाही, म्हनून तोंडावर सांगाले आलो." मग म्हणाले, "आता पोरगी आमची."

आणि घरी कळवायला फोनच्या रांगेत उभे राहिले.