पेंटरची सात दुकानं

पेंटरने गल्लीतली सात दुकानं एका दुपारी विकत घेतली, ही बातमी लाँड्रीवाल्या मावशींनी सकाळी नऊला सोडली आणि अकरापर्यंत ती गल्लीच्या दोन्ही टोकांना आपटून परत आली. परत येईपर्यंत सातची नऊ झाली होती आणि पेंटरला कुठलीशी लॉटरीही लागून गेली होती. बेकरीवाल्याने तर कपाट उघडून दुकानाचे कागद जागेवर आहेत ना, ते दोनदा बघून घेतलं. बरं, मावशींचं तरी काय चुकलं? पेंटरच्या बायकोनेच इस्त्रीचे कपडे नेताना सुस्कारा सोडून सांगितलं होतं, "आमच्या ह्यांनी सात दुकानं घेतलीत." पुढचं वाक्य ऐकायला मावशी थांबल्या नाहीत, एवढंच. पुढचं वाक्य होतं, "नुसती नावं. इंटरनेटवरची. तीही एका वर्षापुरती."

तर दुकानं नव्हेत, नावं. गल्लीने बातमी चार दिवसांत हसण्यावारी नेली, नावांचं मात्र घरातच राहिलं. आणि खरं सांगायचं तर ती नावं मुळात पेंटरचीच. अडतीस वर्षं त्याने बोर्ड रंगवले. नवा दुकानदार रिकाम्या गाळ्यात उभा राहून म्हणायचा, "बोर्ड करायचाय." पेंटर विचारायचा, "नाव?" की तो डोकं खाजवायला लागायचा. मग पेंटर एकदा गाळ्याकडे बघायचा, एकदा माणसाकडे बघायचा, कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर नाव लिहून दाखवायचा. चष्मेवाल्याचं 'नवी नजर' असंच जन्माला आलं. सायकलवाल्याचं 'दोन चाकं', बेकरीवाल्याचं 'गरम भट्टी', सगळी त्याच पेन्सिलीची पोरं. पैसे मात्र तो अक्षरावर घ्यायचा. भाव ठरलेला आणि वाक्यही ठरलेलं: "भाव अक्षरावर, काना-मात्रा-वेलांटी फुकट." नावाचे पैसे त्याने कधी मागितले नाहीत. नाव काय, सुचतं. त्याला थोडाच रंग लागतो?

मग छापील फ्लेक्स आले. कानामागून आले आणि तिखट झाले. तासाभरात बोर्ड तयार, वर दुकानदाराचा हसरा फोटो. पेंटरच्या वाट्याला उरले पाण्याच्या टाक्यांवरचे आकडे आणि 'येथे गाडी लावू नये'. त्यात गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला. हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक बायकोला, कारण तिच्या समोर कपबशी वाजायची. दुसरं चष्मेवाल्याला, कारण अक्षर नीट दिसतंय की नाही हे बघण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि एका टाकीवरचा पेंटरचा आठ त्याने चष्मा पुसून दोनदा बघितला होता.

अशा वेळी माणसाला व्हिडिओ सापडतो. लेक सासरी जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेली होती, त्यावर पेंटर फुलं रंगवायचे व्हिडिओ बघायचा. एका सकाळी फुलांच्या शेजारी कोट घातलेला एक पोरगा उगवला. म्हणाला, चहाच्या पैशात इंटरनेटवरचं नाव घ्या आणि बंगल्याच्या पैशात विका. जगात कुणाला ना कुणाला ते नाव हवं असतंच.

पेंटरने ब्रश खाली ठेवला. "नावं?" तो बायकोला म्हणाला. "अगं, नावं तर मी आयुष्यभर फुकट वाटली."

बायको कपडे लहान-मोठे करून द्यायची. पायाने चालवायचं मशीन, आणि गुडघे आता त्या पायांना साथ देईनासे झाले होते. मशीनला मोटार बसवायची म्हणून तिने दीड वर्ष डब्यात पैसे टाकले होते. पेंटरने डब्याकडे बघितलं. तिने पेंटरकडे बघितलं.

"दोन महिन्यांत तिप्पट करून ठेवतो," तो म्हणाला.

"तुम्ही आजवर कशाचं काही तिप्पट केलंय का हो?"

"रंग पातळ करून केलाय."

तिला हसू आलं, तिथेच ती फसली. डब्याचं झाकण उघडून तिने तो पुढे सरकवला आणि तोंड फिरवून सुईत दोरा ओवायला लागली.

पेंटरने नावं घेतली ती पारखून. स्वतः ठेवलेली, गिऱ्हाईक खेचलेली, म्हणजे चाचणी झालेला माल. अशाच नावाची दुकानं दूर कुठेतरी शंभर असणार, त्यातलं एखादं मोठं असणार, ते धावत येणार, असा हिशेब. गल्लीतला कुणी घेईल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. गल्लीतल्या दुकानदारांना फोनचा आवाज बारीक करायलासुद्धा शेजारी लागायचा. आणि इथेच अडतीस वर्षांची सवय आडवी आली. जितकं नाव लांब तितका भाव जास्त, हे त्याच्या हाडात मुरलेलं. 'नवी नजर' बोर्डावर पाच अक्षरांचं, इंटरनेटवर इंग्रजीत नऊ झालं. पेंटरला वाटलं, घेतानाच फायदा झाला. नळ-खिळे विकणाऱ्या हार्डवेअरवाल्याचं नाव तर एकतीस अक्षरं भरलं. ते घेतल्यावर त्याने छातीवर हात ठेवला. एवढं लांब नाव दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नव्हतं. आणि खरोखरच नव्हतं.

विकायच्या पानावर त्याने सगळ्या नावांचे भाव अक्षरं मोजून लिहिले. मग शेजारच्यांचा माल बघावा म्हणून पान खाली सरकवलं, तर तीन अक्षरांच्या एका नावाला घराची किंमत. चार अक्षरांना त्याहून थोडी कमी. वीस अक्षरांच्या पुढच्या नावांकडे कुणी कुत्रं फिरकत नव्हतं.

"उलटा बाजार आहे गं," तो बायकोला म्हणाला. "न रंगवलेल्या अक्षरांचे पैसे देतात इथे."

"मग तुम्हीही घ्या की. आता तर काहीच रंगवत नाही तुम्ही."

सात महिने कुणी विचारलं नाही. वर्ष संपलं की पुन्हा पैसे भरा, नाहीतर नाव जातं, हे बारीक अक्षरात लिहिलेलं त्याने तिसऱ्या महिन्यात वाचलं. बोर्ड एकदा रंगवला की वीस वर्षं उन्हात हलत नाही. हे नाव मात्र दुधासारखं नासणारं निघालं. मशीनवरून उठताना बायको टेबलाला धरून उठायची, आणि पेंटर नेमका तेव्हा खिडकीबाहेर बघायचा.

आठव्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, बोली आली. 'नवी नजर'साठी. त्या बाजारात घेणाऱ्याला विकणारा दिसत नाही आणि विकणाऱ्याला घेणारा; सगळी घासाघीस पडद्याआडून. पेंटरने उत्तर लिहिलं. कोटवाल्या पोराने सांगितलं होतं, पहिल्या बोलीला कधी हो म्हणू नका. म्हणून त्याने नऊ अक्षरांचा पुरा भाव मागितला, आणि सवयीने खाली आपलं वाक्यही टाकलं. मग दिवसभर तो असा चालला की लाँड्रीवाल्या मावशींनी बायकोला विचारलं, "भाऊजींना नवा बूट घेतलात का?"

दुपारी चारला तो नेहमीप्रमाणे चष्मेवाल्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसला. तिशीपासून दोघांचा चहा त्याच बाकावर.

"सूनबाईने डोक्यात घेतलंय," चष्मेवाला म्हणाला. "दुकान इंटरनेटवर टाकायचं. घरबसल्या लोक चष्मे मागवणार म्हणे. आणि लेका, गंमत ऐक. आपल्याच नावावर कुणी चोर आधीच जाऊन बसलाय. दाबून पैसे मागतोय."

पेंटरच्या बशीतला चहा पँटवर गेला.

"काय झालं?"

"हात," पेंटर म्हणाला.

"हात," चष्मेवाल्याने मान डोलावली आणि रुमाल दिला.

पेंटर घरी निघाला तो सगळं पोटातून ओठांवर आणूनच. नाव मीच घेतलंय, उद्या देऊन टाकतो, असं आधी बायकोला सांगायचं आणि मग त्याला. दारात आला तर बायको गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेली, समोर मशीनखाली कुणाचीतरी अर्धवट पँट. पेंटरने पोटातलं पोटात ठेवलं. मित्र, की मोटार? मित्राला नाव फुकट दिलं तर मोटार गेली. मोटारीसाठी मित्राकडून पैसे घेतले तर बाक गेला.

मंगळवारी त्याने लॅपटॉप उघडला आणि कुणी काही न मागता भाव निम्म्यावर आणला.

"चोर घाबरला," दुपारी चष्मेवाला खुशीत म्हणाला. "आपणहून खाली आला."

"अडचणीत असेल बिचारा," पेंटर म्हणाला.

"चोराला कसली अडचण?"

"का? चोराला बायको नसते?"

बुधवारी भाव अजून उतरला. चष्मेवाला म्हणाला, "आणखी दोन दिवस ताणलं तर वर पैसे देईल तो." पेंटरला चहा जाईना. चष्मेवाल्याने मात्र दोन कप घेतले आणि चोर कसा दिसत असेल यावर अर्धा तास बोलला. त्याच्या मते चोराचं पोट सुटलेलं असणार आणि कानावर पेन्सिल ठेवायची खोड असणार. पेंटरचा हात आपोआप कानाकडे गेला आणि वाटेतूनच मागे आला.

गुरुवारी चष्मेवाल्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "सोमवारी सुनेने चोराचं पहिलं पत्र उतरवून दिलं होतं. वाचू?" त्याने चष्मा नाकावर ओढला. "'भाव अक्षरावर. काना-मात्रा-वेलांटी फुकट.'"

समोरून एक सायकल गेली. दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

"इंग्रजी नावाला वेलांटी फुकट देणारा चोर," चष्मेवाला म्हणाला, "जगात एकच आहे."

"म्हणजे सोमवारीच कळलं तुला?"

"सोमवारीच."

"मग चार दिवस काय करत होतास?"

"तुझा चहा सांडताना बघत होतो. इतक्या स्वस्तात एवढी करमणूक कुठे मिळते?"

पेंटरने कप बाकावर ठेवला. "घेऊन टाक नाव," तो म्हणाला. "एक पैसा देऊ नकोस."

"फुकट? म्हणजे जन्मभर या बाकावर ऐकवत बसशील. बोल, भाव बोल. आणि अक्षरं मोजू नकोस."

पेंटरने एक आकडा सांगितला. सातही नावांना मिळून गेलेले पैसे, ना कमी ना जास्त.

"हा कुठला भाव?"

"मोटारीचा."

"गाडी घेतोयस?"

"मशीनची मोटार. तिच्या."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या मशीनचा खडखडाट आणि मधेच थांबणं त्यालाही मागच्या खिडकीतून रोज ऐकू यायचं. पण मैत्री मैत्रीच्या जागी आणि घासाघीस घासाघिशीच्या जागी. त्याने पाव भाग कापलाच. पेंटरने कापू दिला, कारण न कापता दिलेले पैसे त्याला घेता आले नसते.

नाव बदलून द्यायला सून लॅपटॉप घेऊन बाकावरच बसली. "काका, इथे टिचकी मारा." पेंटरची टिचकी दोनदा भलतीकडेच पडली. सूनबाई समोरच्या बेकरीतली पावांची टोपली फार मन लावून बघायला लागली. तिसऱ्यांदा नेमकी बसली.

बाकीच्या सहा नावांचे पैसे पेंटरने परत भरले नाहीत. दुकानदारांना एकेकाला गाठून सांगितलं, तुमचं नाव मोकळं होतंय, हवं तर घेऊन ठेवा. हार्डवेअरवाला म्हणाला, "एकतीस अक्षरं? फुकट दिलंस तरी टाइप कोण करणार, बाबा?" बेकरीवाल्याने घाबरून लगेच घेतलं. दुकानाचे कागद त्याने अजूनही कपाटात वरच्या खणात ठेवलेत.

मोटार आली ती जुनी, दुसऱ्याची वापरलेली. कापलेल्या पाव भागात नवी बसेना. सुरू होताना खोकते, पण एकदा लागली की सुरळीत घुमते. बायकोने पहिल्या दिवशी पाय जमिनीवर टेकवून एक अख्खी शिवण मारली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "तिप्पट राहू द्या, पाऊणपट तरी आले." पेंटरने हे कौतुक म्हणून धरलं. त्या घरात याहून मोठं कौतुक मिळत नाही.

'नवी नजर' आता इंटरनेटवर आहे आणि म्हणे दूरदूरचे लोक चष्मे मागवतात. बाकावरचा चहा तसाच चालू आहे. फक्त दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की चष्मेवाला फ्रेम दाखवता दाखवता बाहेर बोट करतो. "तो बसलाय ना, पेंटर? अडतीस वर्षांचा दोस्त. माझंच नाव मला विकलं त्याने."

गिऱ्हाईक वळून बघतं. पेंटर दोन्ही हातांनी कप धरतो, फुंकर घालतो आणि मान वर न करता म्हणतो, "बोर्ड केला तेव्हा नुसत्या अक्षरांचे पैसे घेतले होते. नावाचे राहिले होते."