अदिस अबाबाची गोल पंगत

दोन दिवस फुलांची पुडी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात गुलाबरावांऐवजी त्यांचे अकोल्याचे थोरले भाऊ सदाशिवराव उभे होते. "मास्तर, गुलाब गेला परवा," ते म्हणाले. "तो अदिसचा फोटो... मास्तर शोधून राहिले, मास्तर शोधून राहिले, असं सांगे तो. भेटला काय?" फोटो माझ्या पुस्तकांच्या कपाटात चार वर्षांपासून होता. मी म्हटलं, "शोधतो." मेलेल्या माणसाला सांगत आलो तेच खोटं मी त्याच्या भावालाही सांगितलं.

गुलाबराव अमरावतीत फुलं विकत. पुड्या बांधायला रद्दी घेत, पण वाचल्याशिवाय एकही कागद फाडत नसत. त्यामुळे जगाची बातमी त्यांना महिनाभर उशिरा कळे. मात्र कळली की पक्की कळे. गिऱ्हाईक खोळंबलं तर म्हणत, "थांबा ना बाई, या मंत्र्याचं काय झालं तेवढं पाहू द्या." एकदा नुसताच कागद घेऊन माझ्याकडे आले. "मास्तर, हे अदिस अबाबा कोठी हाये?" मी नकाशा उघडला, त्यांनी झेंडूनं पिवळं झालेलं बोट बरोबर गावावर टेकवलं. कागदावर फोटो होता, तोही अर्धाच. उरलेला अर्धा रद्दीत येण्याआधीच फाटला होता. फोटोत अर्धगोलात बसलेले पुढारी. आफ्रिकेतल्या तीसेक देशांचे राजे आणि अध्यक्ष तिथल्या सम्राटाच्या बोलावण्यावरून बैठकीला जमलेत, त्यातले बरेच देश नुकतेच स्वतंत्र झालेत, असं मी समजावून सांगितलं. गुलाबरावांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"तीस सोयरे एका मांडवात, अन् एकबी रुसला नाई?"

"तसं काही छापलेलं नाही."

"रुसतीन कसे? गोल बसले हायेत, पाहा. गोलात पहिला कोण अन् शेवटचा कोण!"

हे नुसतं कुतूहल नव्हतं. सुमनचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि सदाशिवराव सहा वर्षं भावाचा उंबरा चढले नव्हते. धाकट्या बहिणीच्या लग्नात अकोल्याहून येणाऱ्या सदाशिवरावांची गाडी मूर्तिजापूरला रखडली, वरपक्ष भुकेला झाला, आणि गुलाबरावांनी थोरल्याची वाट न पाहता पहिली पंगत बसवली. सदाशिवराव दुसऱ्या पंगतीला बसले तोवर बुंदी संपली होती. "मले दुसऱ्या पंगतीले बसवलं" हे वाक्य त्यांनी अकोल्याच्या भाजीबाजारात सहा वर्षं रोज विकलं. आता मोठे बाबा, म्हणजे हे थोरले काका, आले नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं सुमन बोलून बसली होती.

लग्नाच्या दिवशी सदाशिवराव आले. पण मांडवाच्या कडेलाच थांबले, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "माहं पान कोणतं?"

"कोणतंबी घे, दादा," गुलाबराव म्हणाले. पत्रावळी गोल मांडल्या होत्या आणि तो फोटो खांबाला टाचला होता. "पहिलं पानच नाई. अदिसले असंच बसतात."

"कोण अदिस? व्याह्याकडले सोयरे हायेत काय?"

कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यात सदाशिवराव बसले. मग वाढपी वरणाची बादली घेऊन गोलाच्या मधोमध गेला, एकदा स्वतःभोवती फिरला आणि थांबला. "भाऊ, सुरू कोठून करू?"

एवढं मात्र गुलाबरावांनी योजलं नव्हतं. वराचे मामा खाकरले. सुमनच्या आत्याचे यजमान सावरून बसले. सगळी पंगत त्या पळीकडे बघत होती. गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं... मी भूगोलाचा शिक्षक, माझ्या नकाशात वरणाची सोय नव्हती.

सदाशिवराव उठले. सुमनचे डोळे भरून आले. तिला वाटलं, निघाले. त्यांनी वाढप्याच्या हातातली बादली घेतली. "आण इकडं. वाढणाऱ्याले कायचा आला पहिला नंबर!" आणि स्वतःच्या रिकाम्या पानाच्या शेजारून वाढायला सुरुवात केली. बुंदीही त्यांनीच वाढली. जेवले ते सगळ्यांत शेवटी, गुलाबरावांबरोबर, आणि बुंदी पुन्हा संपली होती. "तुह्या अदिसलेबी बुंदी पुरत नाई काय रे?" एवढंच बोलले.

या धांदलीत खांबावरचा फोटो बकरीनं खाल्ला. गुलाबरावांनी दुसरा आणायला सांगितला म्हणून मी वाचनालयाच्या जुन्या अंकांत शोधला. मिळाला, आणि अख्खा मिळाला. उरलेल्या अर्ध्यात गोल नव्हताच. समोर उंच ओटा होता आणि मधल्या उंच खुर्चीत यजमान सम्राट. तेव्हापासून मी शोधतोच आहे असं सांगत राहिलो.

तेराव्याला पंगत गोल बसली, वाढायला सदाशिवराव होते. हात धुऊन झाल्यावर मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओट्यावर बोट टेकवलं.

"हा उंचावर कोण?"

"यजमान."

"म्हंजे गोल नवतंच... गुलाबले सांगतलं तुमी?"

"नाही."

त्यांनी कागद दुमडला, ओटा आणि सम्राट मागे गेले, घडीवरून नख फिरवलं. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "सुमे, खिळा आण!"

हल्ली दुकानात सदाशिवराव बसतात. अकोल्याला जाईन जाईन म्हणतात, जात नाहीत. काल मी गेलो तेव्हा एक बाई पुडीसाठी खोळंबल्या होत्या आणि हे कागद वाचत होते. कंटाळून बाईंनी भिंतीवरच्या त्या फोटोकडे बोट दाखवलं. "हे कोण हो बसलेत?"

सदाशिवरावांनी कागदावरून मान वर केली नाही. "सोयरे हायेत आमचे," म्हणाले, "अदिसचे."