पहिले दोन नंबर रिकामे

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी वर्तकनगरच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन मनातल्या मनात तिच्या बाबांशी, विलासशी, भांडत होतो. भांडण आमचं नेहमीचंच. गेल्या काही वर्षांतल्या सर्वोत्तम अल्बमची एक क्रमवारी कुठल्याशा संकेतस्थळावर आली होती, तिच्यात पहिल्या नंबरावर कल्याणच्या एका तरुण मुलीचा अल्बम होता, आणि तो नंबर कसा रास्त आहे हे विलासला पटवण्यासाठी मी मुद्दे जुळवत होतो. विलास दोन-चार दिवसांत हॉस्पिटलमधून घरी येईल असं आदल्याच दिवशी कळलं होतं. "काका, बाबा गेले," प्रज्ञा म्हणाली. मी जुडी तशीच हातात धरून त्यांच्या बिल्डिंगपर्यंत चालत गेलो. आज इतके आठवडे झाले, पण ते मुद्दे अजून डोक्यात आहेत... ते कुणाला सांगायचे ते कळत नाही.

विलास आणि मी वागळे इस्टेटमधल्या एकाच कंपनीत होतो. तो डिस्पॅचला, मी पर्चेसला. एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी बाजारात आलेल्या नव्या कॅसेटचा विषय काढला आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे ती भिकार आहे असं सांगून मोकळा झालो. समोर बसलेल्या विलासने डब्यातून मान वर न करता विचारलं, "दोन्ही बाजू ऐकल्यास?" मी दोनच गाणी ऐकली होती. "मग एका घासात पंगतीला नावं नको ठेवू रे. रविवारी घरी ये." मी गेलो, तो कायमचाच. लग्नं झाली, मुलं झाली, कंपनी सुटली, पण आमचा रविवार सुटला नाही. त्याचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. गाणं चालू असताना मधूनच उठून जाणाऱ्याकडे वस्तीतले लोक कसे बघायचे ते तो मोठ्या चवीने सांगायचा. ऐकण्याची शिस्त त्याने तिथून उचलली होती.

ती शिस्त अशी, की अल्बम ऐकायचा तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, सलग, मधे चकार शब्द न बोलता. फक्त अर्ध्यावर थांबायचं. कॅसेटच्या काळात तिथे बाजू बदलावी लागे आणि वहिनी चहा आणत. पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या, सगळं गाणं फोनमध्ये आलं, तरी विलास आपल्या अंदाजाने अर्ध्यावर गाणं थांबवायचा, खुर्चीतून उठायचा आणि "बाजू बदलली" असं म्हणायचा. "बाबा, आता बाजू नसते," प्रज्ञा त्याला चिडवायची. "अगं, पण चहा असतो ना," हे त्याचं उत्तर. वहिनी बाहेर येऊन कधी बसल्या नाहीत. बसा म्हटलं तर "मला कामं आहेत, तुम्ही तुमची परीक्षा घ्या" म्हणायच्या. पण चहा मात्र कुणी हाक न मारता नेमका त्या क्षणाला यायचा. हे त्यांना कसं जमायचं, याचा मी कधी विचार केला नाही.

कुठलीही क्रमवारी आली की प्रज्ञा ती मुद्दाम आम्हा दोघांना पाठवायची. बाप कसा भडकतो ते बघायला. आणि तो भडकायचाच. मी भडकायचो तो अमका सातवा कसा आणि तमका बारावा कसा म्हणून. त्याचा राग वेगळा होता. कुणी पहिला नंबर देऊन टाकतो, हेच त्याला सहन व्हायचं नाही. "पहिला देऊन बसलास तर उद्या काय ऐकणार?" असं तो मलाच दरडावायचा, जणू काही ती क्रमवारी मी लावली होती. त्याचा स्वतःचा सर्वांत वरचा नंबर तिसरा. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या अल्बमलासुद्धा तिसरा. पहिले दोन रिकामे ठेवायचे, अजून काहीतरी यायचं आहे म्हणून. आपल्या वयाची माणसं जुन्या गाण्यांची आरती ओवाळत बसतात, आजकालच्या पोरांना काही येत नाही म्हणतात. विलास मात्र साठी उलटल्यावरही नव्या पोरांची वाट बघत बसलेला असायचा. "पोरं चांगली गातात रे, आपणच नीट बसत नाही," म्हणायचा. मी त्याला कंजूष परीक्षक म्हणायचो.

त्याची एक फजिती सांगतो. एका यादीतला सहाव्या नंबरचा अल्बम ऐकून त्याने त्याची यथेच्छ सालटी काढली. याला ना शेंडा ना बुडखा, लग्नाआधी बारसं उरकलंय, असं बरंच काही. मीही हो ला हो केलं. प्रज्ञा फोन उचलून बघते तर शफल चालू होतं, गाणी वाट्टेल त्या क्रमाने वाजली होती. ती हसून हसून जमिनीवर बसली. माझ्यासारखा असता तर म्हणाला असता, जाऊ दे, कसंही ऐकलं तरी वाईटच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी विलासचा फोन, "निकाल मागे घेतलाय. रविवारी परत ये." तो अल्बम आम्ही पुन्हा ऐकला आणि त्याने त्याला चौथा नंबर दिला. त्या गाणाऱ्याला बिचाऱ्याला या खटल्याचा पत्ताही नसेल.

शेवटच्या रविवारी आम्ही कल्याणच्या त्या मुलीचा अल्बम लावला. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही आधी त्याचा नंबर बघाल. पहिलं गाणं सुरू झालं आणि विलासने खुर्चीच्या हातावर बोटं ठेवली, ती पुढे हलवलीच नाहीत. त्याला काही मनापासून आवडलं की तो ताल धरायचा बंद करायचा, हे मला ठाऊक होतं. पाचव्या गाण्यानंतर त्याने थांबवलं. उठून "बाजू बदलली" म्हणाला आणि लगेच खाली बसला. श्वास लागला होता. वहिनी ट्रे घेऊन दारात आल्या आणि त्याचा चेहरा बघून तशाच थांबल्या. चहा तिथेच राहिला, आम्ही रिक्षा बोलावली. रिक्षात त्याने माझा हात धरून एवढंच सांगितलं, "पुढचं ऐकू नकोस हां एकट्याने." मी म्हटलं, "गप रे आता." हॉस्पिटलात फक्त घरच्यांना आत सोडत होते, त्यामुळे आमचं बोलणं झालं ते तेवढंच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, रविवारी येताय ना?" त्यांनी इतक्या सहज विचारलं की मला नाही म्हणता येईना. गेलो. विलासची खुर्ची जागेवर होती, स्पीकर कपाटावर होता. प्रज्ञाने त्याचा फोन माझ्या हातात दिला. अल्बम पाचव्या गाण्याच्या शेवटी थांबलेला होता.

"हॉस्पिटलमध्ये मी त्यांना इअरफोन नेऊन दिलेले, काका," ती म्हणाली. "म्हटलं, पडून पडून कंटाळता, ऐकून टाका ना उरलेलं. तर म्हणाले, तो आल्याशिवाय नाही. पाच गाण्यांवर निकाल देत बसला असेल तिकडे, त्याला समोर बसवूनच ऐकवतो."

मला रडू आवरलं नाही. त्याला तिथे वेळच वेळ होता, आणि ते गाणं त्याला किती हवं होतं हे मला त्याच्या बोटांवरून कळलं होतं. माझ्यासाठी तो थांबून राहिला आणि ते ऐकायचं राहून गेलं.

वहिनींनी आधी चहा आणला. त्या दिवशी अर्ध्यावरचा राहिला, तो झाल्यावरच पुढचं, म्हणाल्या. मग पदराला हात पुसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्यासोबत बसल्या. विलासच्या खुर्चीत नाही, त्या खुर्चीच्या शेजारी. उरलेली गाणी सुरू झाली. ती कशी आहेत ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या गाण्यात ती मुलगी नुसतीच गुणगुणते, मागे कुणाच्या तरी घरातल्या भांड्यांचा आवाज येतो आणि गाणं संपतं. संपल्यावर पहिला शब्द विलासचा असायचा, त्यामुळे सुरुवात कुणी करायची ते कळेना.

शेवटी मीच घसा खाकरला. "वहिनी, माझं मत तर तेव्हाच ठरलं होतं. हा पहिलाच."

"मलापण पहिलाच वाटला," वहिनी म्हणाल्या. "ते दुसऱ्या गाण्यात आवाज खाली आणते ना ती, तिथेच मला वाटलेलं. तेव्हा आत पोहे परतत होते मी." मग त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. "पण देऊ नका, भाऊजी. तिसरा द्या. वरचे दोन राहू देत रिकामे... पुढच्या रविवारी काय लावायचं ते प्रज्ञाला सांगून ठेवा."